बाथरूमचं पाणी

त्या घरात एक शब्द कुणीच उच्चारत नसे. घर तसं बोलकं होतं. भाजी खारट झाली तर तिच्यावर जेवण संपेपर्यंत चर्चा चाले, आणि शेजाऱ्यांच्या भांडणाचं समालोचन स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट होत असे. पण माणसाला दिवसातून अनेकदा जे करावंच लागतं, त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. सासूबाई नुसतं "जाऊन येते" म्हणत. कुठे, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. मुलगा शाळेतलं "एक नंबर" अजून वापरत होता, मिशीत पांढरा केस आला तरी. सून लग्न होऊन आली ती आपल्या माहेरचा शब्द घेऊन: "बाथरूम". बाथरूमला आलंय, बाथरूम झालं. सासरे मात्र काहीच म्हणत नसत. ते उठत आणि चालू लागत.

यातली गंमत अशी की सासरे प्लंबर होते. उभा जन्म त्यांनी लोकांच्या बाथरूममध्ये काढला होता, बहुतेक वेळा ओणवं होऊन. त्यांच्या लेखी बाथरूम म्हणजे चार भिंती, एक उतार, एक जाळी आणि नळ. ते बांधायचं असतं, दुरुस्त करायचं असतं, त्याचे पैसे घ्यायचे असतात. ते माणसाला "होतं", ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

माणसांना ते सामानाची नावं ठेवत. बायको "मेन व्हॉल्व", कारण ती बंद झाली की अख्ख्या घराचा पुरवठा बंद. मुलगा "फ्लोट", कारण तो कामाच्या निमित्ताने कायम कुठल्या तरी परगावी तरंगत असे. आणि सुनेचं नाव त्यांनी ठेवलं "वॉशर". तिला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा ती खोलीत जाऊन रडली. शिकलीसवरलेली मुलगी, एका ऑफिसात हिशेब तपासणारी, आणि सासरी आल्या आल्या वॉशर! दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिच्या तळहातावर एक काळी रबरी चकती ठेवली. "एवढीशी असते," ते म्हणाले. "दोन लोखंडांच्या मधे बसते, दोन्हीकडचा दाब सोसते. ही नसली तर कितीही महागाचा नळ आणा, गळणारच." दोन लोखंडं कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. आत सासूबाई भांडी जोरात आपटत होत्या, त्यामुळे निम्मं उत्तर तिला आपोआपच मिळालं. ती चकती तिने पर्समध्ये ठेवली, आणि तेव्हापासून ती त्यांना नुसतं "बाबा" न म्हणता "आमचे बाबा" म्हणू लागली.

त्या वर्षी बाबांनी घरातच एक काम काढलं होतं. घरातलं एकुलतं एक बाथरूम अगदी मागच्या टोकाला, बैठकीची खोली ओलांडून, स्वयंपाकघरातून पुढे. एक दिवस बाबा टेप घेऊन सुनेच्या खोलीबाहेरच्या कोपऱ्यात उभे राहिले, भिंतीवर दोनदा टकटक केली आणि जाहीर केलं, "इथे एक बाथरूम काढतोय. माझे गुडघे दुखतात." सासूबाई म्हणाल्या, तुमचे गुडघे दुखतात तर आपल्या खोलीशेजारी काढा की. बाबा म्हणाले, पाइपची लाइन इकडून जवळ आहे. त्यांच्याशी पाइपवरून वाद घालायची कुणाची छाती होती! भिंती झाल्या, फरशी झाली, पांढऱ्या टाइल्स लागल्या. नुसता नळ बसवायचा राहिला आणि ताप आला.

ताप सगळ्या शहरालाच आला होता. साथच होती ती. आधी घसा, मग अंगदुखी, मग छाती. सासूबाईंना आधी आला आणि काढे, वाफा, चिडचिड यांच्या जोरावर उतरला. बाबांचा मात्र छातीत उतरून बसला. श्वास पुरेना म्हणून त्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. मुलगा दूर होता, सासूबाईंच्या पायांत अजून बळ नव्हतं, म्हणून तोंडाला मास्क बांधून रुग्णालयात राहिली ती सूनच.

खोली लहान होती. एक खाट, एक खुर्ची, भिंतीतून आलेली प्राणवायूची लांबलचक नळी आणि कोपऱ्यात बाथरूम. नाकात नळी लावल्यावर बाबांना जरा तरतरी आली. त्यांनी डोळे उघडले, कान टवकारले आणि पहिलं वाक्य बोलले, "नळ गळतोय."

खरंच गळत होता. बाथरूममधून टप्, टप् असा आवाज येत होता. "गळू दे," सून म्हणाली. बाबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने घराला आग लागू दे म्हटलं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या वाऱ्यासारख्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, बोलणं भरभर. बाबांनी त्यांचं नाव तिथल्या तिथे "बूस्टर पंप" ठेवून टाकलं. त्यांनी बाबांची छाती तपासली, पाय दाबून पाहिले आणि सुनेला दाराशी घेऊन गेल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजनवर ते बरे आहेत. फुफ्फुसांचं मला कळतं. ती खोकतात, धापा टाकतात, आरडाओरडा करतात. मला काळजी किडनीची आहे. असा जोराचा व्हायरल ताप असला की काही जणांच्या किडन्या बिघडतात, आणि त्या बिचाऱ्या गुपचूप बिघडतात. दुखत नाही, खुपत नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतं, पण उशिरा. सगळ्यात आधी सांगते ती लघवी. लघवी कमी झाली की मला लगेच कळलं पाहिजे. वेळेत कळलं तर औषधं बदलता येतात, पाणी-सलाइन बघता येतं, बहुतेकदा सावरतं. हातातून गेलं तर डायलिसिसचं मशीन, आणि त्यांच्या छातीची ही अवस्था असताना ते त्यांना झेपेल का, मला सांगता येत नाही. म्हणून दरवेळची लघवी मोजायची. वॉर्ड गच्च भरलाय, सिस्टर पुरत नाहीत. लघवी मोजायचं काम तुमचं. जमेल?"

"जमेल," सून म्हणाली. तो शब्द एवढ्या वेळा, एवढ्या मोठ्याने, उघड्या दाराशी ऐकून मास्कच्या आत तिचे गाल लाल झाले होते. पण बाबांचं काम होतं. सांगितलं असतं तर तिने समुद्र मोजून दिला असता.

अडचण एकच होती. बाबांना सांगायचं कसं?

आधी तिने ते सिस्टरवर ढकलायचा प्रयत्न केला. सिस्टर अनुभवी होत्या, पण त्याही कुणाच्या तरी लेकी-सुनाच होत्या. त्यांच्याही तोंडी तो मवाळ शब्दच बसलेला. त्यांनी आकड्यांच्या रेघा असलेला एक प्लॅस्टिकचा जग आणला आणि खाटेशी येऊन मोठ्याने म्हणाल्या, "काका, आता रोज बाथरूम मोजायचं बरं का!"

बाबांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पाच बाय साडेचार."

सिस्टर खो खो हसल्या. "काका गमत्ये आहेत," म्हणाल्या आणि जग सुनेच्या हातात देऊन पुढच्या खोलीत पळाल्या. बाबा आपले गंभीर होते.

मग सुनेने धीर केला. सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा न देता, सलाइनच्या बाटलीकडे बघत ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय. ते बाथरूमचं पाणी आहे ना, ते असं वाया जाऊ द्यायचं नाही. या जगमध्ये धरायचं. मी मोजत जाईन."

बाबांचा चेहरा उजळला. "असं म्हणाल्या? बाई हुशार आहेत," ते म्हणाले. "लोकांना वाटतं, एक थेंब गळला तर काय होतं. दिवसाला बादली जाते, बादली."

सुनेला वाटलं, तापात काहीतरी बोलतायत. एवढं नाजूक प्रकरण एका वाक्यात निभावलं याच आनंदात ती होती. तिने जग बाथरूममध्ये नेऊन ठेवला. थोड्या वेळाने बाबा भिंतीला धरून, नळी मागे ओढत आत गेले. बाहेर आले तेव्हा टप् टप् आवाज बदललेला होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने फक्त विचारलं, "बाबा, बाथरूम झालं?"

"भिंती, टाइल्स सगळं झालं," बाबा उशीवर डोकं टेकत म्हणाले. "नळ तेवढा राहिलाय. घरी गेलो की बसवतो."

इथे खरं तर तिने थांबायला हवं होतं. नीट, स्पष्ट विचारायला हवं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला ग्लानीतही आपलं काम सुचतंय यानेच तिला इतकं भरून आलं की तिने त्यांच्या कपाळावरची पट्टी तेवढी बदलली.

आणि जग भरत होता की! ती आत जाई, मान दुसरीकडे वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून रेघ वाचे, श्वास रोखून जग ओतून टाके आणि हात साबणाने खसाखसा धुऊन बाहेर येई. सासऱ्यांच्या त्या गोष्टीकडे निरखून बघणं तिच्याच्याने होणार नव्हतं. "साडेचारशे," ती सिस्टरना सांगे. "आणि रंग?" सिस्टर विचारत. "स्वच्छ," ती म्हणे, "अगदी पाण्यासारखा." "वा! मग काळजी नाही."

घरून सासूबाईंचा फोन सतत चालू असे. "खाल्लं का? झोपले का? आणि ते... जातात ना व्यवस्थित?"

"जातात आई. भरपूर जातात."

"देवासारखी आहेस गं तू," सासूबाई म्हणत. एरवी हे वाक्य ऐकायला तिला पुढचा जन्म घ्यावा लागला असता.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीला डॉक्टरीणबाई कागदावरचे आकडे बघून खुश झाल्या, पण बाबांची जीभ बघून नाहीत. त्यांनी पायांवर बोट दाबलं. खड्डा किंचित राहिला. पुन्हा आकडे बघितले. पुन्हा जीभ.

"एवढी लघवी होतेय, आणि तोंड इतकं कोरडं? पायही जरासे सुजलेत," त्या स्वतःशीच बोलल्या. "कुठेतरी पाणी मुरतंय."

बाबांनी झटकन डोळे उघडले. "भिंतीत नाही," ते म्हणाले. "मी बघितलंय. नुसता नळच आहे."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "उद्या सकाळची लघवी एका बाटलीत द्या," त्यांनी सुनेला सांगितलं. "प्रयोगशाळेत पाठवू. रक्तही परत तपासू."

सकाळी सून खाली जाऊन चहा घेऊन वर आली, दाराशी चपला काढून पाहते तर खाट रिकामी. बाथरूमचं दार लोटलेलं. आतून धापांचा आवाज येत होता.

"बाबा? बाथरूम होतंय का?"

"होतंय, होतंय. घाई करू नकोस."

ते बाहेर आले, खाटेवर बसले, नळीतून भरपूर श्वास घेतला आणि परत आत गेले. मग पुन्हा बाहेर, पुन्हा आत. सुनेला वाटलं, किती त्रास होतोय बिचाऱ्यांना! पण होतंय ना, मग होऊ दे. त्यांच्याकडे पाठ करून तिने बाटलीवर लावायची चिठ्ठी तयार ठेवली.

शेवटी बाबा बाहेर आले ते विजयी मुद्रेने. चेहरा घामाने डबडबलेला, पायजम्याच्या खिशातून छोट्या पान्याचं टोक बाहेर आलेलं. तो पाना ते दाढीच्या सामानात ठेवत, आणि दाढीचं सामान सासूबाईंनी भाबडेपणाने न उघडता पाठवलं होतं.

"झालं बाथरूम," ते म्हणाले. "आता बघ. एक थेंबसुद्धा येणार नाही."

सून हसली. हसता हसता थांबली.

"एक थेंबसुद्धा?" तिने विचारलं.

"एक नाही! रबर पार झिजलं होतं. तुझ्या चपलेचं टाचेकडचं जरासं कापून बसवलं. रागावू नकोस, नवी आणून देईन."

बाटली हातात घट्ट धरून ती आत गेली. बाथरूम शांत होतं. दोन दिवस कानामागे चालू असलेला तो टप् टप् आवाज थांबला होता, आणि थांबल्यावरच तिला तो ऐकू आला. जग धुऊन-पुसून कोपऱ्यात उपडा ठेवलेला होता, काम झाल्यावर कारागीर आपलं भांडं ठेवतो तसा. कोरडा ठणठणीत. तिने तो उचलला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट, डोळे उघडून बघितलं. दरवेळी तो नळाखालीच का सापडे, ते आत्ता तिच्या लक्षात आलं. साडेचारशे. स्वच्छ. अगदी पाण्यासारखा.

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती बाहेर आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. सलाइनकडे नाही, खिडकीकडे नाही, थेट त्यांच्याकडे बघत. मास्कमधून आवाज दबतो म्हणून तिने मोठ्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला लघवी झाली का?"

बाहेरून जाणारी ट्रॉली क्षणभर थांबली. बाबांनी चादर छातीपर्यंत ओढली. जन्मात कुणी बाईमाणसाने त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांच्या आईनेसुद्धा, जाणतेपण आल्यापासून.

"हे... हे तू काय विचारतेस?"

"तेच विचारतेय. आत्ता, या खेपांत, लघवी झाली का?"

"या खेपा नळाच्या होत्या," बाबा पुटपुटले.

"मग काल?"

"काल सकाळी झाली थोडीशी. चहाच्या रंगाची." त्यांनी आठवून पाहिलं. "त्यानंतर नाही वाटतं."

"आणि हे सांगितलं नाहीत?"

"अगं, पण कुणी विचारलंच नाही!" बाबा कळवळून म्हणाले. "तुम्ही सगळ्या नुसतं बाथरूमचंच विचारत होतात."

पुढचं तिला नीट आठवत नाही. पण त्या मजल्यावरच्या लोकांना चांगलं आठवतं. ज्या घरात ती सून म्हणून नांदत होती त्या घराची अब्रू वगैरे सगळं विसरून, एक चप्पल पायात आणि एक कापलेली चप्पल हातात घेऊन ती लांबलचक व्हरांड्यातून ओरडत पळाली, "डॉक्टर! आमच्या बाबांना लघवी झालेली नाही! कालपासून लघवी नाही!"

डॉक्टरीणबाई हातातला चहा तसाच ठेवून आल्या. त्यांनी एक छोटं यंत्र बाबांच्या ओटीपोटावर फिरवलं आणि पडद्याकडे पाहिलं. "मूत्राशय जवळजवळ रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे अडकलेली नाही. वरून तयारच होत नाहीये." मग सुनेकडे वळल्या. "पण तुमचे आकडे?"

सुनेने सगळं सांगितलं. जग, नळ, बाथरूमचं पाणी. सांगताना तिला हुंदका आवरेना. सिस्टरनी तोंडावर हात ठेवला, कारण "काका, बाथरूम मोजायचं" हे त्यांचंच होतं. डॉक्टरीणबाईंना हसूही फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी ते मावळलं.

"रडू नका. मी पण आकडेच वाचले, जगमध्ये डोकावले नाही," त्या म्हणाल्या. "आता एक सांगा. हे अंगदुखीच्या गोळ्या घेतायत का?"

"नाही," सून म्हणाली.

"नाही," बाबाही म्हणाले, पण चष्म्याच्या डबीकडे बघत. सुनेने डबी उघडली. चष्म्याखाली गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. घरून येतानाच खिशात घातलेली. अंग ठणकत होतं, सारखं सिस्टरना कशाला त्रास द्यायचा, म्हणून.

"या बंद," डॉक्टरीणबाईंनी पट्टी आपल्या खिशात टाकली. "तापात पाणी कमी पडलेलं आणि वर या. एक इंजेक्शनही बदलते. छाती सांभाळून सलाइन देऊ, आणि लघवीची नळी घालू, म्हणजे जग नको, नळ नको आणि तुमचे शब्दही नकोत. सकाळचा रक्ताचा रिपोर्ट आत्ताच आलाय. आकडा चढलाय, पण अगदी जरासा. नुसता तो बघून मी उद्यापर्यंत थांबले असते, आणि उद्या कदाचित मशीन लावावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत वाट बघू. नळीत काही आलं, तर आपण वेळेत आहोत."

नळी घातली. खाटेच्या कडेला एक पारदर्शक पिशवी लटकली. तळाशी थोडंसं गडद काहीतरी आलं आणि थांबलं. बाबांनी मान वर काढून नळीचा मार्ग वरपासून खालपर्यंत तपासला. "उतार बरोबर दिलाय," ते म्हणाले.

सून खुर्ची ओढून पिशवीसमोर बसली. आता तिला कसली लाज राहिली नव्हती. तिने पिशवीवरून नजर हलवली नाही. दुपारी सासूबाईंचा फोन आला तेव्हा तिने त्यांनाही सगळं सांगितलं, तोच शब्द वापरून. तिकडे मेन व्हॉल्व बंद झाला होता.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या घराचंच चुकलं गं. बोलायचं नाही, बोलायचं नाही, म्हणून काय जिवावर बेतू द्यायचं?" थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "पण तुला एक सांगू? त्यांच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"तू नवीन आलीस तेव्हा मागे जायला लाजायचीस. आम्ही बैठकीत बसलेलो असलो की दाराशी यायचीस आणि परत फिरायचीस. तासन्‌तास. मला नाही दिसलं. त्यांना दिसलं. एक दिवस मला म्हणाले, पोरीला चोरट्यासारखं वावरावं लागतंय आपल्या घरात. म्हटलं, मग मी बोलते तिच्याशी. तर म्हणाले, बोलायचं कशाला, बाथरूम बांधतो."

सुनेने फोन खाली ठेवला. बाबा डोळे मिटून पडले होते. ओठ कोरडे, हातांच्या बोटांना जुन्या कामाचे घट्टे. तिला त्यांच्यावर माया दाटून आली. या माणसाने तिची न सांगितलेली अडचण टेप लावून मोजली होती, भिंत फोडून सोडवली होती. आणि तिला त्यांचा जग साधा डोळे उघडून बघता आला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "बरे व्हा. तुम्हाला माझी शपथ आहे."

"वॉशर," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "आयुष्यभर थेंब बंद करत आलो मी. आणि आज बघ, दोघं थेंबाची वाट बघत बसलोय."

उन्हाचा पट्टा खाटेवरून भिंतीवर चढला. सलाइन वरून उतरत होतं. खाली पिशवी तशीच. सिस्टर येऊन बघून गेल्या. डॉक्टरीणबाई दोनदा डोकावल्या. खिडकीबाहेरचा प्रकाश पिवळा झाला. आणि मग नळीच्या वळणावर काहीतरी चमकलं. एक बारीक पिवळसर रेघ वळणावरून पुढे सरकली, पिशवीच्या तोंडाशी येऊन क्षणभर लटकली, आणि पडली.

सून पुढे वाकली. दुसरा थेंब आला. मग तिसरा, पहिल्या दोघांपेक्षा घाईत.

"गळलं?" बाबांनी विचारलं. आवाज ऐकून त्यांना कळलंच असणार.

"गळतंय, बाबा," ती म्हणाली आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली. "चांगलं गळतंय."

"आता बंद करू नका म्हणावं कुणी," बाबा म्हणाले आणि तिच्या हातावर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उचलून उजेडात धरली, खाली वाकून, डोळे बारीक करून, नीट बघितली. "वेळेत आहोत," त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि भांडंही या खेपेला बरोबर होतं.

फोन वाजला. "काय गं, झालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"काय झालं का, आई?" सून डोळे पुसत म्हणाली. "नीट विचारा. आता मी नीट विचारल्याशिवाय सांगणार नाही."

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. पदर सावरला असावा. मग सासूबाईंनी असा आवाज लावला की शेजारच्या खिडक्या उघडल्या असतील: "लघवी झाली का गं त्यांना?"

"झाली!" सून ओरडली. व्हरांड्यात कुणीतरी टाळी वाजवली.

बाबा घरी आले ते काठीवर आणि पथ्यावर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, काही महिने तपासण्या, पाणी सांगितलं तेवढंच, आणि मनाने एक गोळीसुद्धा नाही. सासूबाईंनी मोजमापाचा नवा जग आणला आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत तो शब्द लिहिला. पाहुणे आले तरी तो झाकला नाही. मुलगा परतला तेव्हा त्याने "एक नंबर" म्हटलं तर आईने त्याला सर्वांसमोर झापलं.

थोडी ताकद आली तशी बाबांनी पाना बाहेर काढला. स्टूलवर बसून, दम घेत घेत, ते रोज थोडं काम करत. सून कोपऱ्यावरून जाता-येता त्यांना पाणी देई, मोजून. नळासाठी त्यांनी तिच्याकडे पर्समधली ती जुनी काळी चकती मागितली. "हीच घालतो," ते म्हणाले. "ओळखीची आहे." तिने ती दिली.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात होती, सासूबाई बैठकीत. कोपऱ्यातून पाण्याचा जोरदार आवाज आला, मग बंद झाला, आणि मग बाबांची हाक आली.

"वॉशर! ए वॉशर! झालं गं!"

"काय झालं, बाबा?" तिने तिथूनच, सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारलं. "बाथरूम की लघवी?"

आतून मग जग ठेवल्याचा खण् आवाज झाला, आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. बाह्या भिजलेल्या, चेहरा फुललेला.

"दोन्ही," ते म्हणाले. "आणि लघवी साडेतीनशे. ये, डोळे उघडून बघ."